यशोदाबाईंच्या नावाची मुदत

धुळ्यात पन्नाशी ओलांडलेला कुठलाही दुकानदार गाठा आणि त्याच्या दुकानाची पहिली पाटी कोणी रंगवली ते विचारा. दहातले सहा जण नासीर पेंटरचं नाव घेतील, उरलेले चार जण त्याच्या उस्तादाचं. आग्रा रोडवर, पाचकंदीलला, देवपुरात एके काळी मान वर करून चाललं की याचंच अक्षर दिसायचं. जाड बुडाचं, जरा डावीकडे रेललेलं. माणूस बुटका, बोलायला कमी, चहा मात्र दिवसाला आठ कप. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण अक्षराच्या बाबतीत मास्तरांनाही ऐकायचा नाही. 'मिठाई'त 'मि'ला दुसरी वेलांटी काढा, भारदस्त दिसते, असा हट्ट धरणाऱ्या एका मिठाईवाल्याची पाटी त्याने तीन दिवस अर्धवट टांगून ठेवली होती.

मग फ्लेक्स आलं. यंत्रातून दोन तासांत वीस फुटी पाटी बाहेर पडायला लागली, आणि तिच्यावर दुकानदाराचा, त्याच्या बापाचा आणि ज्याचा दुकानाशी काडीचा संबंध नाही अशा पुढाऱ्याचा फोटो. नासीरच्या पोटावर पाय आला. काही वर्षं त्याने ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवल्या, शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहिले. शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी, ज्या वयात लोक चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कुरकुरतात, तो एका टायपिंगच्या क्लासात कॉलेजच्या पोरींशेजारी बसून कॉम्प्युटर शिकला. हमीदाला, म्हणजे त्याच्या बायकोला, आधी हसूच आलं होतं. पण वर्षभरात घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आला आणि नासीर पेंटर पुन्हा पाट्या विकायला लागला, या वेळी इंटरनेटवरच्या.

तो दुकानदारांना समजावून सांगायचा ते असं. जशी दुकानावर पाटी, तसं इंटरनेटवर एक नाव. ते नाव एकदा आपण घेतलं की जगात दुसऱ्या कोणाला मिळत नाही, फक्त दर वर्षी त्याची मुदत वाढवायची. परदेशातली एक अवाढव्य कंपनी ही नावं नोंदवून द्यायची, आणि नासीरने तिच्याकडे आपलं खातं उघडलं होतं. दुकानदारांना ईमेल, पासवर्ड या भानगडी नको होत्या. ते म्हणायचे, तुमच्याच खात्यात राहू द्या नासीरभाऊ, तुम्ही काय परके आहात का? अशी एकतीस नावं त्याच्या एका खात्यात जमा झाली. हार्डवेअरवाला, चष्मेवाला, दोन ज्वेलर, एक बँडवाला. विश्वास टाकायला लोकांना काही लागत नाही. ज्याच्यावर टाकला त्याची पाठ वाकते, ते कोणाला दिसत नाही.

यात एक गोष्ट खास आपल्याकडची. कंपनीकडे सोय अशी होती की मुदत दर वर्षी आपोआप वाढायची. नासीरने ती बंद करून ठेवली होती. कारण आपला व्यापारी पाटीला हात लावतो तो दिवाळीच्या तोंडावर. रंग तेव्हा, नवी चोपडी तेव्हा, नारळ तेव्हा. आपलं काही आपल्या माघारी आपोआप होतं हे त्याला पटत नाही. म्हणून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नासीर एकतीस नावांची मुदत स्वतः बसून वाढवायचा, प्रत्येकाचा कागद छापायचा आणि दुकानोदुकानी नेऊन द्यायचा. लक्ष्मीपूजनाला तो कागद चोपडीशेजारी ठेवला जायचा, त्यावर हळदकुंकू पडायचं. चष्मेवाल्या जैनांच्या आजोबांनी तर त्याला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं की हे नाव नक्की राहतं कुठे? नासीर म्हणाला, अमेरिकेत. आजोबांनी पश्चिमेकडे तोंड करून अक्षता टाकल्या होत्या.

या एकतीस नावांत एकच नाव बाईचं होतं, आणि ते धुळ्यातलं नव्हतं.

यशोदाबाई अमळनेरच्या. नवरा गेल्यावर घराशेजारच्या सात बायकांना हाताशी धरून बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, घालायला लागलेल्या. उन्हाळ्याचे तीन महिने गच्चीवर पांढऱ्या साड्यांवर बिबडे वाळायचे आणि वर्षभर विकले जायचे. गिऱ्हाईक मुख्यतः सुरतेचं. अर्धा खान्देश पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेला, आणि तिथे सगळं मिळतं, पण आईच्या हातचं बिबडं मिळत नाही. रेल्वेने पार्सल जायचं. नासीर अमळनेरला एका शाळेची भिंत रंगवायला गेला असताना बाईंनी त्याला घरावर पाटी लिहायला बोलावलं. मुलगा प्रेमराज खताच्या दुकानात कामाला होता. तो म्हणाला, 'गृहउद्योग' एवढंच लिहा. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मनं नाव लिखा भाऊ. बठ्ठं नाव." म्हणजे माझं नाव, अख्खं.

घर आधी नवऱ्याच्या नावावर होतं, मग मुलाच्या झालं. शेत दिरांच्या नावावर. रेशनकार्डावर बाई तिसऱ्या ओळीत. नासीरने निळ्या जमिनीवर पिवळ्या अक्षरांत 'यशोदाबाई' असं दोन हात लांब लिहिलं, आणि बाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, त्यांनी खालून एकेक अक्षर जुळवून ते वाचलं. मग त्याने इंटरनेटवरच्या नावाची गोष्ट सांगितली. घटस्थापना दोन दिवसांवर होती. बाईंनी तो मुहूर्त धरला आणि 'यशोदाबाई अमळनेर डॉट कॉम' उघडलं. सून दीपमाला फोनवर ऑर्डर बघायची. पिशव्यांवर नाव छापलं गेलं. चार वर्षांत सुरतेच्या उधना, लिंबायत भागात ते नाव घराघरांत पोचलं. बाई लोकांना सांगायच्या की माझं नाव इंटरनेटवर आहे, माझ्या नावावर आहे. नासीरने त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. त्याला स्वतःलाही तसंच वाटायचं.

नवरात्रात घेतलेल्या नावाची मुदत नवरात्राच्या आसपासच संपायची. बाकीची तीस दिवाळीत घेतलेली, त्यांच्याबरोबर नासीर तीही दिवाळीतच वाढवायचा. मुदत टळली तरी ती कंपनी महिनाभर सांभाळून घ्यायची, आणि नवरात्र ते दिवाळी महिना कसाबसा पुरायचा. चार वर्षं पुरला.

पाचव्या वर्षी त्या अवाढव्य कंपनीने नावं नोंदवण्याचा धंदा विकून टाकला. का विकला हे आजपर्यंत नासीरला कोणी समजावून सांगितलेलं नाही. एवढ्या मोठ्या घराला हा कोपरा नकोसा झाला असेल. कोपऱ्यात कोण बसलंय ते बघायला तिथून कोण येणार? लाखो नावं दुसऱ्या एका कंपनीच्या दारात नेऊन ठेवली, कागद झाले, दोन्हीकडच्या साहेबांनी एकमेकांचं अभिनंदन केलं असेल. धुळ्यात तेव्हा ऊन पडलं होतं.

पत्रं आली. नाही आली असं कोणी म्हणू नये. ईमेलवर एकामागून एक अकरा पत्रं आली, सगळी इंग्रजीत. तुमची नावं आता दुसऱ्या कंपनीकडे जात आहेत, इथे दाबा, ओळख पटवा, कार्डाचा नंबर पुन्हा द्या. आणि इथेच घात झाला. कारण त्याच उन्हाळ्यात पोलिसांनी नासीरकडून शहरातल्या चौदा भिंती रंगवून घेतल्या होत्या: अनोळखी लिंक उघडू नका, कार्डाचा नंबर कोणाला देऊ नका, खाते बंद होणार असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चौदा भिंतींवर स्वतःच्या हाताने हे लिहिलेला माणूस. मोहल्ल्यातल्या एका रिटायर मास्तरांची पुंजी वीजबिलाच्या खोट्या मेसेजने गेलेली. नासीरने पहिलं पत्र पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. चोरांनी माझाच दरवाजा वाजवावा, असं तो चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाला. अकराच्या अकरा पत्रं त्याने कचऱ्यात ढकलली. हमीदा एकदा म्हणाली की कोणा शिकलेल्याला दाखवून तरी घ्या. यावर त्याने तिला विचारलं, एवढी मोठी कंपनी काय आपला धंदा विकेल? तिला काय कमी पडलंय?

हुशारीने घात झालेला माणूस मूर्खापेक्षा जास्त रडतो. पण त्याला अजून दोन महिने अवकाश होता.

दिवाळीच्या आठ दिवस आधी, अंघोळ करून, उदबत्ती लावून नासीर कॉम्प्युटरपुढे बसला, आणि नेहमीचं पान उघडेना. तिथे दुसऱ्याच कंपनीचं नाव. त्याची खात्री पटली की चोर कॉम्प्युटरात शिरले. त्याने वायर उपटली आणि मशीन दुरुस्तीवाल्याकडे नेऊन टाकलं. दुरुस्तीवाल्याने दिवाळीच्या गर्दीत नऊ दिवस लावले आणि सगळं पुसून साफ करून दिलं. पासवर्ड त्यातच होते. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला एकतीस चोपड्यांशेजारी कागद नव्हता. लोकांनी विचारलं, नासीरने सर्व्हर डाऊन आहे असं सांगितलं. आयुष्यात तो पहिल्यांदा दुकानदारांशी खोटं बोलला असावा, कारण सांगताना तो घामाघूम झाला होता.

भाऊबीज झाल्यावर त्याने कचऱ्यात ढकललेली पत्रं फोनवर शोधून काढली आणि यंत्राकडून त्यांचं मराठी करून घेतलं. अकरावं पत्र संपताना लिहिलं होतं, आपण आमच्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत. नासीरने फोन पालथा ठेवला. मग उठून मोरीत जाऊन त्याने तोंड धुतलं, परत आला, पुन्हा वाचलं. हमीदा समोर भाजी निवडत होती.

पुढचे सहा आठवडे त्याने नव्या कंपनीच्या दारात डोकं आपटलं. तिथे माणूस नव्हता, उत्तर देणारं यंत्र होतं. ते अतिशय नम्र होतं. आपली अडचण आम्ही समजू शकतो, असं म्हणायचं आणि पुन्हा पहिल्या प्रश्नावर आणून सोडायचं. पतपेढीचं कार्ड तिथे चालेना. शेवटी ओळखीच्या एका सीएने आपलं कार्ड दिलं, ओळख पटली, खातं उघडलं. दिवाळीतली तीसही नावं अगदी काठावरून परत आली. एकतिसावं नाव यादीत नव्हतं. त्याची मुदत महिनाभर आधीच संपलेली, सवलतीचे दिवसही संपलेले. नाव बाजारात मोकळं झालं आणि त्याच दिवशी कोणीतरी उचललं. चष्मेवाल्याचं नाव वर्षात दहा माणसंही उघडत नसतील, ते कोणी उचललं नसतं. यशोदाबाईंचं रोज शेकडो लोक उघडायचे. पाच वर्षांत बाईंनी बिबड्यांवर जे कमावलं, तेच चोराला हवं होतं.

संक्रांतीच्या आत सुरतेहून बातमी आली. 'यशोदाबाई अमळनेर डॉट कॉम' उघडलं की पत्त्यांचा जुगार उघडतो आणि तोकड्या कपड्यांतली एक बाई हसून आत बोलावते. समाजाच्या ग्रुपवर त्याचे फोटो फिरले. पिशव्यांवर फोन नंबर होताच, तिथे पैसे हरलेली माणसं फोन करून घाण बोलायला लागली. दीपमालाने दोन दिवस ऐकलं आणि फोन बंद केला. बिबड्यांना येणाऱ्या सात बायकांपैकी तिघींच्या घरून निरोप आला की उद्यापासून येणार नाही.

नासीर सकाळच्या एसटीने अमळनेरला गेला. वाटेत नरडाण्याला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं त्याच्या मनात दोनदा आलं. बाई ओट्यावर बसल्या होत्या. प्रेमराज कामावर न जाता घरीच थांबला होता. नासीरने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कंपनीने धंदा विकल्यापासून पत्रांपर्यंत, काही लपवलं नाही. पोलिसांत जाऊ, मी तक्रार देतो, असंही म्हणाला. नासीर आणि बाई गेलेही. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की नाव कोणाच्या खात्यात होतं? तुमच्या. मुदत कोणी चुकवली? तुम्ही. मग बाईंचं काय गेलं, ते कुठल्या कागदावर आहे? कागद नव्हता. हळदकुंकवाचे चार होते, ते बाईंनी पदराखालून काढून दाखवले. त्या चारही कागदांवर मालकाच्या जागी नासीरचं नाव होतं. छापताना त्याने ते दर वर्षी पाहिलं होतं.

परत येताना बोरी नदीच्या पुलावर बाई थांबल्या.

"म्हंजे ते कधी मनं व्हतंच नही?"

नासीर म्हणाला, "तुमचंच होतं अक्का. फक्त ठेवलं माझ्याजवळ होतं."

बाईंनी कागदांची घडी केली आणि पुढे चालायला लागल्या. त्यांनी एक शिवी दिली असती तर नासीरला आधार वाटला असता. तो त्यांच्या चार पावलं मागून चालत राहिला.

ज्याने ते नाव उचललं त्याला नासीरने तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. कोणत्या देशात, कोण, हेही कळलं नाही. एरवी रोज आठ कप चहा पिणारा माणूस दोनावर आला. टपरीवर कोणी कॉम्प्युटरचं बोलणं काढलं की उठून जायचा. भिंतीवरचं स्वतःचंच अक्षर दिसलं की दुसऱ्या गल्लीने जायचा, आणि धुळ्यात अशा चौदा भिंती होत्या.

मार्चात प्रेमराजचा फोन आला. रंगाचं सामान घेऊन या म्हणाला. नासीरला वाटलं, बाईंनी धंदा पुन्हा उभा केला. तो आनंदाने गेला, हे सांगायलाच हवं. निळा आणि पिवळा दोन्ही रंग नवे घेऊन गेला. वर गच्चीवर साड्या पसरलेल्या होत्या, बिबडे वाळत होते, चार बायका होत्या. प्रेमराजने त्याला पाणी दिलं आणि कागदावर लिहून ठेवलेलं हातात दिलं. 'प्रेमराज गृहउद्योग.' जुगारात गेलेलं नाव आता घरावर नको, पाव्हणेरावळे विचारतात, असं तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. नवं इंटरनेटचं नाव त्याने स्वतःच फोनवरून घेतलं होतं, स्वतःच्या खात्यात, मुदत आपोआप वाढेल असं करून. तुम्ही शिकवलंत त्यावरून शहाणा झालो, असंही म्हणाला, आणि दुकानावर निघून गेला.

नासीरला हे काम नाकारता आलं असतं. पण कोणत्या तोंडाने नाकारणार? त्याने नाही म्हटलं तर उद्या फ्लेक्स लागलं असतं. त्याने शिडी लावली. 'यशोदाबाई'वर निळा हात मारला, तो वाळू दिला, दुसरा मारला. पिवळा रंग हट्टी असतो, तिसरा मारावा लागला. मग खडूची दोरी लावून शिरोरेघ पाडली आणि मुलाचं नाव लिहायला घेतलं. हात सवयीने चालत होता. अक्षर बिघडलं असतं तर मनाला थोडं बरं वाटलं असतं, पण ते नेहमीसारखंच उतरलं.

शेवटचा 'ग' काढून तो उतरला तेव्हा यशोदाबाई खाली उभ्या होत्या. हात पिठाचे. त्यांनी वर बघून एकेक अक्षर जुळवलं, ओठ हलवत, पाच वर्षांपूर्वी जुळवलं होतं तसंच. संपेपर्यंत नासीर तिथे थांबला. मग त्यांनी विचारलं, "हाई कोना नाववर शे?"

"प्रेमराजभाऊंच्या," नासीर म्हणाला. "स्वतःच्या खात्यात आहे."

"मंग पक्कं शे," बाई म्हणाल्या. "हाई कोनी लई जावाव नही."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मुलाचं नाव कोणी नेणार नाही, याचं त्यांना खरंच समाधान वाटलं होतं. नासीरला तेच सहन झालं नाही. तो शिडीच्या पायरीवर बसला आणि भर दुपारी, रस्त्यावरच्या लोकांदेखत, तोंडावर हात घेऊन रडला. बाई घटकाभर उभ्या राहिल्या. मग वरून बायकांनी हाक मारली, शिजवलेलं पीठ गार होत होतं, आणि त्या जिना चढून गेल्या.